नको असलेली वस्तू दुसऱ्या घरी पोचवताना: आधी घेणारा, मग आवराआवर

दिवाळीच्या आधीच्या रविवारी माळा रिकामा होतो, हॉलमध्ये पिशव्यांचा ढीग लागतो आणि मग फोन सुरू होतात: "तुमच्या ओळखीत कुणी आहे का हो, कपडे-भांडी घेणारं?" दोन दिवस कुणी मिळत नाही. पाहुणे यायचे असतात, फराळ व्हायचा असतो. तिसऱ्या दिवशी चालू मिक्सर, धड खुर्ची आणि मुलाची सायकल सोसायटीच्या कचऱ्याच्या पिंपाशेजारी जाऊन बसते. "नेईल कुणीतरी." रात्री परतीचा पाऊस येतो आणि सकाळी त्या वस्तू खरोखरच कचरा झालेल्या असतात.

आमच्या सोसायटीतल्या जुन्या वस्तू इकडून तिकडे पोचवण्याचं काम मी काही वर्षं करते आहे. जवळजवळ प्रत्येक घरात तीच चूक दिसते: वस्तू आधी खाली काढली जाते आणि घेणारा नंतर शोधला जातो. हा क्रम उलटा करायचा. पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. मधला एखादा गाळलात तर पुढे कुठेतरी गाडं अडतं.

टप्पा १ : वस्तू जागेवर, यादी कागदावर

दिवाळीसाठी आवरणार असाल तर गणपती गेले की सुरुवात करा. घर बदलणार असाल तर निदान महिनाभर आधी. दिवाळीच्या तोंडावरच्या आठवड्यात सगळं गाव एकाच वेळी देत असतं, त्यामुळे घेणाऱ्या संस्थांकडे ठेवायला जागा नसते आणि उचलायला माणूस नसतो.

वही घ्या आणि घरभर फिरा. काहीही खाली काढू नका. प्रत्येक वस्तूपुढे चार गोष्टी लिहा: काय आहे, माप किती, चालू आहे का, काय कमी आहे. पलंग, कपाट, टेबल यांचं माप फूट-इंचात घ्या, लांबी-रुंदी-उंची तिन्ही. आपल्या लिफ्टचं आणि दाराचं मापही त्याच पानावर टिपून ठेवा. घेणाऱ्याची खोली दहा बाय बाराची असू शकते. तुमचा सहा बाय साडेसहाचा पलंग तिथे गेला तर माणसांनी बसायचं कुठे?

तपासा: यादी घरातल्या सगळ्यांनी वाचली का? आईचं पितळी पातेलं किंवा मुलाचा क्रिकेटचा जुना संच परस्पर गेला की दुःख होतं, आणि दिलेली वस्तू परत मागायची वेळ येते. तेवढी वेळ येऊ देऊ नका.

टप्पा २ : चालवून बघा

"ठेवला तेव्हा चालू होता" हे उत्तर कामाचं नाही. दोन वर्षं माळ्यावर पडलेल्या यंत्राचं काय झालंय हे ते चालवल्याशिवाय कळत नाही.

मिक्सर रिकामा फिरवू नका. भिजवलेली डाळ घालून वाटून बघा, म्हणजे पातं, भांड्याचा बुश आणि मोटरचा वास तिन्ही समजतं. इस्त्री दहा मिनिटं तापू द्या. कुकरमध्ये पाणी घालून शिटीपर्यंत न्या आणि झाकणाच्या कडेने वाफ जाते का ते बघा. खुर्चीवर बसून मागे-पुढे हला. सुटकेसला नंबरचं कुलूप असेल तर नंबर आठवतो का? नसेल आठवत तर ती सुटकेस नव्हे, नुसता डबा आहे.

लाकडी वस्तू मागून आणि खालून बघा. बोटाने ठोकल्यावर पोकळ आवाज आला, मातीच्या बारीक नळ्या किंवा पिठासारखा भुसा दिसला, तर वाळवी किंवा भुंगा आहे. गादीच्या शिवणी आणि पलंगाचे सांधे रात्री टॉर्च लावून तपासा. ढेकूण असलेली गादी कुणालाही देऊ नका. चाळीत एका खोलीत गेलेला ढेकूण सगळ्या मजल्यावर पसरतो.

काही वस्तू इथेच बाजूला काढा. त्या कुणाला द्यायच्या नाहीत, फुकटही नाही:

पडलेलं किंवा अपघातात सापडलेलं हेल्मेट (वरून धड दिसलं तरी आतला थर दबलेला असतो), थर खरवडलेला नॉनस्टिक तवा, वायर उघडी पडलेली उपकरणं, वापरलेले आतले कपडे, उघडी औषधं, पाऱ्याचा थर्मामीटर. गॅसची शेगडी देता येते, पण जुनी रबरी नळी तिच्यासोबत देऊ नका. तेल कंपन्यांची सुरक्षा नळीसुद्धा पाच वर्षांनी बदलायची असते. सिलिंडर आणि रेग्युलेटर तर तुमचे नाहीतच, ते कनेक्शनचे आहेत. कागदपत्रं घेऊन ते एजन्सीत परत करा, अनामत परत मिळते.

बंद पडलेला टीव्ही, मॉनिटर, चार्जर हा ई-कचरा. तो अधिकृत ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडेच जायला हवा. त्याबद्दलचे सध्याचे नियम २०२२ चे आहेत आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. जुन्या डब्बा टीव्हीच्या काचेत शिसं असतं, म्हणून तो फोडून तांबं काढणाऱ्याच्या हाती पडू देऊ नका. बॅटऱ्या, ट्यूबलाइट आणि मुदत संपलेली औषधं घरगुती घातक कचऱ्यात, वेगळी बांधून.

फ्रिजबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. आमचा पंधरा वर्षांचा फ्रिज मी घरकामाच्या मावशींना मोठ्या आनंदाने दिला. दोन महिन्यांनी त्यांनी तो भंगारात घातला. तोपर्यंत त्यांचं विजेचं बिल शंभर युनिटच्या आत असायचं. त्या जुन्या फ्रिजने ते शंभराच्या पुढे नेलं आणि पुढच्या युनिटांचा दर बराच चढा असतो. मी त्यांना वस्तू दिली आणि वर महिन्याचा खर्चही दिला. तेव्हापासून दहा-बारा वर्षांपेक्षा जुना फ्रिज किंवा एसी मी कुणाला देत नाही. त्याहून नवा असेल तर तो किती जुना आणि किती स्टारचा आहे, हे आधी सांगते.

टप्पा ३ : कुठली वस्तू कुणाकडे

सगळं एका संस्थेकडे, हा विचार सोडून द्या. यादीतल्या प्रत्येक वस्तूपुढे घेणाऱ्याचा प्रकार लिहा.

*कपडे.* धड कपड्यांना वाटा पुष्कळ आहेत. बोहारीण आजही येते, आणि कपड्यांवर भांडी देते म्हणून तिला कमी लेखायचं कारण नाही. ते कपडे ती निवडून, दुरुस्त करून पुढे विकते आणि ते खरोखर वापरले जातात. 'गूंज' ही संस्था कपड्यांबरोबर घरगुती सामानही घेते, आणि सुती कापडापासून कापडी पॅडही बनवते. म्हणजे जुन्या सुती चादरीलासुद्धा तिथे काम आहे. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या 'व्ही-कलेक्ट' मोहिमांमध्ये जुनं सामान गोळा होतं. मे २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या मोहिमेतून अनेक शहरांत जुन्या वस्तू गोळा करणारी 'आरआरआर' (रिड्यूस, रियूज, रिसायकल) केंद्रं उघडली. तुमच्या वॉर्डातलं केंद्र आज चालू आहे का, हे फोन करून किंवा चक्कर मारून बघा आणि मगच पिशव्या उचला.

महापूर आला की लोक टेम्पो भरून जुने कपडे पाठवतात. पहिल्या आठवड्यात तिथे पाणी, शिधा, कोरडं अंथरूण-पांघरूण, आतले नवे कपडे आणि साफसफाईचं सामान लागतं. ओल्या गावात न निवडलेल्या कपड्यांचा ढीग सांभाळायला माणसं अडकून पडतात. तिथलं काम बघणाऱ्यांनी मागितलं तरच पाठवा, आणि मागितलंय तेवढंच पाठवा.

*पुस्तकं.* इथे सर्वांत जास्त श्रम वाया जातात. पहिली ते आठवीच्या मुलांना जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांत समग्र शिक्षा योजनेतून पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात. तुमच्या मुलीची पाचवीची पुस्तकं तिथे नेऊन उपयोग नाही. नववी-दहावी, अकरावी-बारावीची पुस्तकं, शब्दकोश, नकाशासंग्रह, स्पर्धा परीक्षांची पुस्तकं आणि गोष्टींची पुस्तकं मात्र हवी असतात. पाठ्यपुस्तक देण्याआधी आतल्या पानावरचं आवृत्तीचं वर्ष बघा. अभ्यासक्रम बदलत राहतो. नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२५-२६ पासून पहिलीची पुस्तकं बदलली. मधल्या काळात बालभारतीने काही इयत्तांच्या पुस्तकांतच वहीची पानं घातली होती. ती पानं लिहून भरलेली असतील तर ते पुस्तक रद्दीतच जाईल. चालू घडामोडींचं तीन वर्षांपूर्वीचं पुस्तकही रद्दीच.

*रुग्णाचं साहित्य.* वॉकर, व्हीलचेअर, कमोडची खुर्ची, एअरबेड, वर-खाली होणारा पलंग. घरातलं माणूस गेलं की या वस्तू डोळ्यांसमोर नको वाटतात आणि घाईने भंगारात जातात. थांबा. बऱ्याच गावांत आणि शहरांत रुग्णोपयोगी साहित्य केंद्रं आहेत. ती अनामत घेऊन अशा वस्तू गरजेपुरत्या वापरायला देतात. एक व्हीलचेअर तिथे वर्षानुवर्षं घरोघर फिरते. यादीतल्या कुठल्याही वस्तूपेक्षा तिची जास्त कोणीतरी वाट बघत असतं, म्हणून सुरुवात तिच्यापासून करा.

*भांडी, खेळणी, फर्निचर.* यांना ओळखीचं घरच बरं. नव्याने संसार मांडणारं जोडपं, गावाहून शिकायला आलेली चार मुलं, इमारतीचा वॉचमन, बालवाडी, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला. घेणारा ती वस्तू पुढे विकणार असेल तर विकू दे. वस्तू वापरात राहिली आणि त्याला चार पैसे मिळाले, यात बिघडलं काय?

टप्पा ४ : विचारणं

"तुम्हाला चालेल ना?" हा प्रश्न नव्हे. त्याला "नाही" म्हणायची सोयच नसते. घरी काम करणाऱ्या माणसाला तर नाहीच नाही. मी असं विचारते: "मावशी, मिक्सर द्यायचाय. चालू आहे, पण चटणीच्या भांड्याला झाकण नाही. तुमच्याकडे असेल किंवा नको असेल तर तसं सांगा, दुसरीकडे विचारायचंच आहे." आणि उत्तरासाठी दोन दिवस देते. घरी विचारून, जागा बघून माणूस नीट ठरवतो.

जुनी वस्तू दिवाळीच्या बोनसमध्ये धरू नका. बोनस वेगळा, वस्तू वेगळी.

गेलेल्या माणसाचे कपडे किंवा अंथरूण असेल तर ते स्पष्ट सांगा. काहींना चालतं, काहींना अजिबात नाही, आणि नंतर कळलं तर फसवल्यासारखं वाटतं. पितृपक्षात कुणी वस्तू घरात आणायला नको म्हणालं तर पंधरा दिवस थांबा. त्यासाठीच तर लवकर सुरुवात केली आहे.

सोसायटीच्या किंवा ओळखीच्या ग्रुपवर टाकायचा संदेश असा असावा:

"देणे आहे, मोफत. लोखंडी कपाट, उंची साडेसहा फूट, रुंदी तीन फूट, खोली दीड फूट. दोन्ही किल्ल्या आहेत. खालच्या कप्प्याला गंज, फोटो क्रमांक ३ बघा. दुसरा मजला, लिफ्ट नाही. टेम्पो आणि उचलणारी दोन माणसं तुम्ही आणायची. रविवार संध्याकाळपर्यंत कळवा."

दोषाचा फोटो हवाच. गंज लपवून कपाट दिलं तर ते दारातून परत जाईल आणि टेम्पोचं भाडं त्या माणसाच्या गळ्यात पडेल. शेवटची तारीख घाला, नाहीतर "बघतो, सांगतो" मध्ये महिना जातो. दोघांनी मागितलं तर दुसऱ्याचं नावही लिहून ठेवा. पहिला न येणं ही रोजची गोष्ट आहे.

सावध: अनोळखी लोकांपर्यंत जाणाऱ्या जाहिरातीत फ्लॅट क्रमांक लिहू नका, जवळचा चौक पुरे. "टेम्पोचे पैसे आधी पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा" असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबा. पैसे मिळण्यासाठी स्कॅन करावं लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही.

टप्पा ५ : आता धुवा, आता दुरुस्त करा

घेणारा ठरल्यावरच हे काम करायचं. आधी धुतलेले कपडे पिशवीत महिनाभर पडले की पुन्हा कुबट होतात.

कपडे धुऊन, कडक उन्हात वाळवून घ्या. तुटलेली बटणं लावा, पायजम्यात नाडी ओवा, चेन चालते का ते बघा. कुकरची रिंग ढिली असेल तर नवी रिंग आणि नवा सेफ्टी व्हॉल्व्ह तुम्हीच आणून घाला. हा खर्च किरकोळ असतो, पण घेणाऱ्याला त्या मापाची रिंग शोधत दुकानं पालथी घालावी लागतात. सायकलच्या ट्यूबचं पंक्चर काढा, चेनला तेल द्या.

दुरुस्तीचा खर्च मोठा निघाला तर? घेणाऱ्याला आकडा सांगून विचारा. "मी करून घेईन" म्हणाला तर तशीच द्या. कित्येकांच्या घरात सुतार किंवा वायरमन असतो आणि आपल्याला मोडीत वाटलेली वस्तू ते तासाभरात उभी करतात.

टप्पा ६ : आतलं रिकामं करा

पँटचे खिसे, पर्सचे चोरकप्पे, साडीच्या घड्या, सोफ्याच्या फटी, तांदळाच्या डब्याचा तळ, देवघराचा खण. आजीच्या वस्तू असतील तर हे दोन माणसांनी, दोन वेळा करा. त्या पिढीने पैसे आणि कानातली कुठे ठेवली असतील याचा नेम नसतो. पुस्तकं पाठीला धरून झटका. जुन्या फायली आणि बॅगांमधून आधारच्या झेरॉक्स, चेकबुकं, विम्याचे कागद, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या काढा. कपाटाच्या लॉकरचा चोरकप्पा उघडून, हात घालून बघा.

फोन देताना क्रम महत्त्वाचा. आधी हवे ते फोटो उतरवून घ्या. मग अँड्रॉइडवर गुगल खातं काढा, आयफोनवर 'फाइंड माय' बंद करून खात्यातून बाहेर पडा. त्यानंतर फॅक्टरी रीसेट. खातं न काढता रीसेट केलेला फोन चालू करताना जुनाच पासवर्ड मागू शकतो आणि घेणाऱ्याच्या हातात नुसती काच राहते. सिम आणि मेमरी कार्ड काढा. रीसेट करण्याआधीच *#०६# दाबून १५ आकडी आयएमईआय क्रमांक, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक, वहीत टिपून घ्या. लॅपटॉपवर फायली पुसून भागत नाही. रीसेट करताना सगळं काढून ड्राइव्ह साफ करण्याचा पर्याय निवडा.

तपासा: फोन रीसेट झाल्यावर एकदा चालू करा. भाषा विचारणारा पडदा आला आणि पुढे जुनं खातं मागितलं नाही, तर काम झालं.

टप्पा ७ : बांधणी

काळ्या कचऱ्याच्या पिशव्या वापरू नका. त्या पिशवीत घातलेली वस्तू वाटेत कुणीतरी कचरा समजून टाकतं. आमच्याकडे दोनदा झालंय. खोकं किंवा जुनी चादर घ्या, बाहेर मोठ्या अक्षरात लिहा: "मुलींचे कपडे, ६ ते ८ वर्षं", "स्वेटर, मोठ्यांचे". बुटांच्या जोड्या नाडीने एकमेकांना बांधा. मिक्सरची भांडी, झाकणं आणि मोटर एकाच खोक्यात.

पलंग किंवा टेबल सोडवायचं असेल तर आधी सांध्यांचे फोटो काढा. स्क्रू आणि नटबोल्ट एका पिशवीत घालून ती पिशवी त्याच वस्तूला चिकटपट्टीने पक्की करा. किल्ल्या मात्र वस्तूला बांधू नका, घेणाऱ्याच्या हातात द्या.

टप्पा ८ : दाराबाहेर

टेम्पो कोण आणणार आणि भाडं कोण देणार हे आदल्या दिवशी पुन्हा बोलून घ्या. छोटा हत्ती ठरवताना वरच्या मजल्यावरून उतरवण्याची मजुरी भाड्यात धरलेली आहे का, ते विचारा. दारात वाद होतो तो इथेच. शक्य असेल तर भाडं तुम्ही द्या. तीन हजारांचं टेबल फुकट मिळालं, पण टेम्पोला हजार रुपये नाहीत म्हणून ते नेता आलं नाही, असं होतं.

फ्रिज उभाच न्यायचा. वाटेत आडवा करावा लागलाच तर पोचल्यावर काही तास उभा ठेवून मगच चालू करायचा. रात्रभर ठेवला तर उत्तम. हे कागदावर लिहून फ्रिजला चिकटवा, तोंडी सांगितलेलं गडबडीत विसरतं.

आणि हे कधीही गाळू नका: घेणाऱ्याच्या हातात सहीची चिठ्ठी द्या. वस्तू, तारीख, तुमचं नाव आणि "ही वस्तू मी स्वखुशीने दिली आहे" एवढी एक ओळ. फोन असेल तर आयएमईआय क्रमांकही. गेटवर वॉचमनलाही आधी कळवा. घरकाम करणारी बाई हातात मिक्सर घेऊन गेटबाहेर पडताना सगळ्यांसमोर अडवली जाते, तिला विचारपूस होते, तेव्हा तिला काय वाटत असेल याचा विचार करा. नंतर तुम्ही खाली जाऊन खुलासा केलात तरी तो अपमान पुसला जात नाही. तो टाळायला दोन मिनिटांची चिठ्ठी पुरते.

टप्पा ९ : दोन आठवड्यांनी एक फोन

"कसं चाललंय?" एवढं मोघम नको. नेमकं विचारा: मिक्सर वापरताय का, कपाट दारातून आत गेलं का, सायकल मुलाच्या उंचीला बसली का. वस्तू बसली नसेल तर ती परत घेण्याची तयारी ठेवा आणि वहीतलं दुसरं नाव काढा.

या फोनपर्यंत घरात बहुतेक वेळा काहीतरी सापडलेलं असतं: मिक्सरचं झाकण, कपाटाची तिसरी किल्ली, खेळातल्या दोन सोंगट्या. ते टाकू नका. वहीत नाव आणि पत्ता आहेच, त्याच आठवड्यात नेऊन द्या.